अथेन्समध्ये दावा कसा चालवावा: समन्सपासून वसुलीपर्यंत

प्राचीन अथेन्सच्या लोकशाहीतील न्यायालयांची माहिती बहुधा आकड्यांच्या रूपाने वाचायला मिळते: इतके न्यायपंच, इतके मानधन, इतकी मते. त्या आकड्यांमागची रचना समजून घ्यायची असेल, तर आपणच एक दावा दाखल करीत आहोत असे समजून तो शेवटपर्यंत चालवून पाहणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. पुढील मार्गदर्शन त्याच हेतूने लिहिले आहे. काळ धरला आहे तो इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धाचा, कारण या काळाची साधने सर्वांत भक्कम आहेत. एकीकडे डेमॉस्थेनिस आणि इतर वक्त्यांनी प्रत्यक्ष खटल्यांसाठी लिहिलेली भाषणे उपलब्ध आहेत. दुसरीकडे ॲरिस्टॉटलच्या शिष्यवर्गात सिद्ध झालेला ‘अथेन्सची राज्यघटना’ हा ग्रंथ आहे. तो इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसवरून १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या अखेरच्या प्रकरणांत न्यायालयाच्या एका दिवसाचे वर्णन अगदी पेट्या, काठ्या आणि फाशांसह आले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी. येथे सरकारी वकील नाही, गुन्ह्याचा तपास करणारे पोलीस नाहीत, कायद्याचा अर्थ समजावून सांगणारा न्यायाधीश नाही आणि निकालानंतर रक्कम वसूल करून देणारा बेलिफही नाही. ही सर्व कामे नागरिकाने स्वतः करायची असतात. राज्य पुरवते ते फक्त एक ठिकाण, एक वेळ आणि शेकडो अनोळखी माणसे. पण ती माणसे खरोखरच अनोळखी राहावीत यासाठी राज्याने जी यंत्रणा उभारली होती, ती थक्क करणारी आहे. अथेन्सच्या लोकशाहीचा जमावावर भाबडा विश्वास होता, अशी टीका प्राचीन काळापासून होत आली आहे. मला मात्र तिच्या न्यायालयांत विश्वासापेक्षा अविश्वास अधिक दिसतो, आणि तो जमावाविषयी नसून कोणत्याही एकट्या माणसाविषयी आहे.

आधी अधिकार तपासावा

दावा स्वतःच्या नावाने चालवण्याचा पूर्ण अधिकार प्रौढ पुरुष नागरिकाला आहे. स्त्री न्यायालयात स्वतः उभी राहू शकत नाही. तिच्या वतीने तिचा पालक, म्हणजे वडील, नवरा, भाऊ किंवा जवळचा पुरुष नातेवाईक बोलतो. अथेन्समध्ये स्थायिक झालेला परदेशी दावा लावू शकतो, पण त्याचे अनेक दावे पोलेमार्क या अधिकाऱ्याकडे जातात. गुलामाला दावा लावता येत नाही, आणि त्याची साक्ष दोन्ही पक्षांच्या संमतीने छळ करून घेतलेली असेल तरच ग्राह्य धरली जाते. भाषणांमध्ये अशा छळाची आव्हाने वारंवार येतात. ‘मी माझे गुलाम द्यायला तयार होतो, त्यानेच नकार दिला’ असे म्हणणे हा वक्त्यांचा ठरलेला डाव होता. ज्या नागरिकाच्या डोक्यावर सरकारी देणे थकलेले आहे, त्याचे नागरी हक्क ते फिटेपर्यंत गोठवलेले असतात, त्यामुळे त्याला फिर्याद करण्याचाही अधिकार उरत नाही. म्हणून दावा लावण्यापूर्वी स्वतःचा हिशेब तपासावा, कारण प्रतिपक्ष तो तपासल्याशिवाय राहणार नाही.

दाव्याचा प्रकार विचारपूर्वक निवडावा

संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय न्यायालयात पाय ठेवण्यापूर्वीच घ्यावा लागतो. अथेन्समध्ये दाव्यांचे दोन मोठे वर्ग होते. ‘दिके’ म्हणजे खासगी दावा. तो ज्याचे नुकसान झाले त्यानेच लावायचा. ‘ग्राफे’ म्हणजे सार्वजनिक फिर्याद. ती इच्छा असलेला कोणताही नागरिक करू शकतो. दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाबद्दल तिसऱ्याने फिर्याद करावी ही कल्पना इ.स.पू. ५९४ च्या सुमारास सोलोन या कायदेकाराने आणली, आणि त्याच्या सुधारणांपैकी ही सर्वांत लोकाभिमुख सुधारणांत गणली गेली.

एकाच घटनेवर दोन्ही मार्ग खुले असू शकतात. डेमॉस्थेनिसने ॲरिस्टन नावाच्या एका तरुणासाठी लिहिलेल्या भाषणात हा पेच स्पष्ट दिसतो. संध्याकाळी मित्राबरोबर अगोरात, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती चौकात, फिरत असताना कोनोन, त्याचा मुलगा आणि त्यांच्या दारू प्यायलेल्या सोबत्यांनी ॲरिस्टनला गाठले, अंगावरचे वस्त्र ओढून काढले, चिखलात पाडून तुडवले, ओठ फोडला आणि डोळे सुजवले. नंतर कोनोन झुंज जिंकलेल्या कोंबड्यासारखा आरवू लागला आणि सोबत्यांच्या सांगण्यावरून हाताची कोपरे पंखांसारखी बरगड्यांवर आपटू लागला, असे ॲरिस्टन सांगतो. हे सारे ‘ह्यूब्रिस’ म्हणजे मुद्दाम केलेली मानहानी या सार्वजनिक गुन्ह्यात बसणारे होते, आणि त्याची शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाऊ शकली असती. तरीही मित्रांनी आणि आप्तांनी त्याला सल्ला दिला की वयाला न पेलणारे ओझे उचलू नये, मारहाणीचा साधा खासगी दावा लावावा. त्याने तेच केले. त्याच्या भाषणातील कोंबड्याचा प्रसंग मात्र पूर्णपणे ह्यूब्रिसचा आहे: दावा लहान लावायचा आणि वर्णन मोठ्या गुन्ह्याचे करायचे, ही त्यातील युक्ती आहे.

हा सल्ला भित्रेपणाचा नव्हता. सार्वजनिक फिर्याद करणाऱ्याला एकूण मतांपैकी एकपंचमांश मतेही मिळाली नाहीत, तर त्याला १,००० द्राख्मा दंड होतो आणि तशा प्रकारची फिर्याद पुन्हा करण्याचा हक्क जातो. १ द्राख्मा म्हणजे ६ ओबोल, १०० द्राख्मा म्हणजे १ मिना आणि ६० मिना म्हणजे १ टॅलेंट. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस कसबी कारागिराची दिवसाची मजुरी साधारण १ द्राख्मा होती, यावरून या दंडाचे वजन कळावे. एस्किनिससारखा नावाजलेला वक्ताही यातून सुटला नाही. डेमॉस्थेनिसला सुवर्णमुकुट द्यावा असा ठराव मांडणाऱ्या क्टेसिफॉनवर त्याने बेकायदा ठरावाची फिर्याद केली, इ.स.पू. ३३० मध्ये खटला उभा राहिला, एकपंचमांश मते पडली नाहीत आणि एस्किनिस अथेन्स सोडून गेला.

या दंडाचे कारण ‘सायकोफंट’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या लोकांमध्ये आहे. काही प्रकारच्या फिर्यादींत वसूल झालेल्या रकमेचा वाटा फिर्यादीला मिळत असे, आणि श्रीमंत माणसाला फिर्यादीची धमकी देऊन पैसे उकळणेही शक्य होते. त्यामुळे तुम्ही फिर्यादी असाल, तर भाषणाच्या सुरुवातीलाच आपण असे धंदेवाईक नाही, आरोपीशी आपले जुने वैर आहे, असे सांगून टाकावे. वैर कबूल करणे आपल्याला विचित्र वाटेल, पण अथेन्समध्ये ते प्रामाणिकपणाचे लक्षण मानले जाई. कारण नसताना फिर्याद करणाऱ्याचाच संशय येई.

मनुष्यवधाचा मामला असेल, तर हे मार्गदर्शन उपयोगी नाही. तो दावा मृताच्या नातेवाइकांनी लावायचा असतो आणि हेतुपुरस्सर खुनासाठी ॲरिओपॅगस, अजाणतेपणी झालेल्या वधासाठी पॅलेडिओन, कायद्याने क्षम्य असल्याचा दावा असलेल्या वधासाठी डेल्फिनिओन, अशी वेगळी प्राचीन न्यायस्थाने आहेत.

समन्स, अर्ज आणि लवाद

प्रकार ठरला की प्रतिवादीला स्वतः गाठून, साक्षीदारांच्या समोर, अमुक दिवशी अमुक अधिकाऱ्यापुढे हजर राहा असे सांगावे. हेच समन्स. साक्षीदार दोन असावेत आणि ते पुढे नाव सांगायला तयार असावेत, नाहीतर प्रतिवादी आलाच नाही तर एकतर्फी निकाल मिळणे अवघड होईल. ठरलेल्या दिवशी लेखी तक्रार द्यावी. अनेक खासगी दाव्यांत दोन्ही पक्षांना शुल्क भरावे लागते: मागणी १०० ते १,००० द्राख्मांची असल्यास ३ द्राख्मा, त्यावर १०,००० पर्यंत ३० द्राख्मा. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचे शुल्क भरून द्यायचे.

बहुतेक खासगी दावे ‘चाळीस’ या नावाच्या मंडळाकडे जातात. अथेन्सचे नागरिक क्लिस्थेनिसच्या काळापासून दहा गणांत विभागलेले होते आणि प्रत्येक गणाचे चार सदस्य या मंडळात असत. १० द्राख्मांपर्यंतची मागणी ते स्वतः निकालात काढतात. त्यापुढील दावा सरकारी लवादाकडे पाठवतात. हे लवाद म्हणजे वयाच्या साठाव्या वर्षात असलेले नागरिक होत, आणि ते काम टाळता येत नसे. लष्करी सेवेचे शेवटचे वर्ष शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडणे मिटवण्यात घालवायचे, अशी ही व्यवस्था होती.

लवादासमोरील टप्पा किरकोळ समजू नये. लवाद आधी तडजोडीचा प्रयत्न करतो, ती न झाल्यास निर्णय देतो. निर्णय दोघांना मान्य झाला तर प्रकरण तिथेच संपते. एकालाही मान्य नसेल, तर दोन्ही पक्षांचे साक्षीपुरावे, आव्हाने आणि कायद्यांच्या नकला दोन वेगळ्या भांड्यांत घालून ती मोहोरबंद केली जातात आणि लवादाचा निर्णय सोबत जोडला जातो. त्यानंतर न्यायालयात या भांड्यांबाहेरचा एकही कागद वाचता येत नाही. म्हणून जे दाखवायचे ते लवादापुढेच दाखवावे. अखेरच्या क्षणी काढण्यासाठी काहीही राखून ठेवू नये. प्रतिपक्ष वेळ काढत राहील, याचीही तयारी असावी. ॲरिस्टनच्या म्हणण्याप्रमाणे कोनोनच्या लोकांनी लवादापुढील सुनावणी मध्यरात्रीपलीकडे लांबवली, साक्षी वाचून दाखवायला आणि नकला द्यायला नकार दिला, आणि शेवटी गुलामांची साक्ष देण्याचे आव्हान निव्वळ कालहरणासाठी पुढे केले.

साक्ष या काळात लेखी असते. न्यायालयात ती कारकून वाचतो, साक्षीदार मंचावर येऊन ती आपली असल्याचे मान्य करतो. त्याची उलटतपासणी होत नाही. साक्षीदाराला खोटे पाडण्याचा उपाय एकच: त्याच्यावर खोट्या साक्षीचा स्वतंत्र दावा लावणे.

भाषण कोणाकडून लिहून घ्यावे

न्यायालयात तुम्हालाच बोलायचे आहे. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी बोलण्यास कायद्याने मनाई आहे. नातेवाईक किंवा मित्र थोडा वेळ साहाय्यक म्हणून बोलू शकतो, पण त्याने आपल्या येण्याचे कारण मैत्री किंवा प्रतिपक्षाशी वैर असेच सांगावे. भाषण लिहून घेण्यास मात्र मोकळीक आहे, आणि त्यावर काहींनी चांगले पैसे कमावले. लिसियास हा स्वतः स्थायिक परदेशी होता, तरी नागरिकांसाठी भाषणे लिहून देण्यात त्याचा हात धरणारे थोडेच. इसायस वारसाहक्काच्या दाव्यांत निष्णात होता. डेमॉस्थेनिसचीही सुरुवात याच व्यवसायातून झाली.

लेखक निवडताना अलंकारिक भाषा लिहिणारा शोधू नये. चांगला लेखक अशिलाच्या तोंडी शोभेल असे लिहितो. पत्नीच्या प्रियकराला ठार मारणाऱ्या युफिलेटससाठी लिसियासने लिहिलेले भाषण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे: भोळा, विश्वासू, घरातला जिना आणि खोल्या यांचे तपशील सांगत राहणारा नवरा त्यात बोलतो, आणि हा माणूस कट करूच शकणार नाही, असे ऐकणाऱ्याला हळूहळू वाटू लागते. भाषण पाठ करावे. वाचून दाखवले तर ते विकत घेतलेले आहे हे सर्वांना समजेल, आणि भाषण विकत घेणे कायदेशीर असले तरी ते उघडे पडणे सोयीचे नाही.

कायदे स्वतः शोधून आणावेत, कारण न्यायपंचांना ते सांगणारे दुसरे कोणी नाही. अध्यक्षस्थानी बसलेला अधिकारी कामकाज पुढे सरकवतो, कायद्याविषयी एक शब्दही बोलत नाही. आपल्या सोयीचा कायदा वाचून दाखवावा आणि त्याचा अर्थ आपणच लावावा. प्रतिपक्ष दुसरा कायदा वाचेल. खासगी दाव्यातही मुद्द्याला धरून बोलण्याची शपथ घ्यावी लागते. तरीही तुम्ही युद्धात कुठे लढलात, राज्यासाठी जहाज सज्ज करण्याचा किंवा नाट्यस्पर्धेचा खर्च कितीदा उचललात, हे सांगायला वक्ते कधी चुकलेले नाहीत. रडणारी मुले मंचावर आणण्याची प्रथाही सर्वश्रुत होती. सॉक्रेटिसने ती नाकारली, आणि आपल्याला तीन मुलगे आहेत हे सांगून नाकारली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

न्यायपंच कोठून येतात

आता त्या शेकडो अनोळखी माणसांकडे वळावे. वर्षाच्या आरंभी ३० वर्षांवरील नागरिकांतून न्यायपंचांची यादी तयार होते. पाचव्या शतकातील परंपरेप्रमाणे ती ६,००० जणांची. ते शपथ घेतात: कायदे आणि नागरिकांच्या सभेचे ठराव यांना धरून मत देऊ, कायदा नसेल तेथे सर्वांत न्याय्य वाटेल त्याप्रमाणे देऊ, आणि दोन्ही पक्षांचे सारखेच ऐकून घेऊ. त्यांना कायद्याचे शिक्षण नसते. त्यांचे मानधन प्रथम पेरिक्लिसने सुरू केले आणि पुढे क्लिऑनने ते ३ ओबोल केले. शंभर वर्षांनंतरही ते तितकेच होते, त्यामुळे चौथ्या शतकात ते कामकरी माणसाच्या मजुरीपेक्षा बरेच कमी पडे. न्यायालयात म्हातारेच भरतात, ही ॲरिस्टोफेनिसची थट्टा इ.स.पू. ४२२ मधील ‘गांधीलमाश्या’ या नाटकात आहे. त्यात न्यायदानाचे व्यसन जडलेल्या बापाला मुलगा घरात कोंडतो आणि चीज चोरणाऱ्या कुत्र्याचा खटला चालवायला देतो. बोलताना हे ध्यानात ठेवावे की समोर म्हातारी, बऱ्याच अंशी गरीब आणि असंख्य भाषणे पचवलेली माणसे बसली आहेत.

न्यायालय भरण्याच्या दिवशी पहाटे यांपैकी जे येतील त्यांच्यातून सोडत निघते. प्रत्येक गणाचे स्वतंत्र प्रवेशद्वार असते. न्यायपंचाकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि वर्णमालेतील पहिल्या दहापैकी एक अक्षर असलेली पट्टी असते. पूर्वी ती काशाची असे, ॲरिस्टॉटलच्या काळी लाकडाची. काशाच्या अशा कितीतरी पट्ट्या अथेन्सच्या थडग्यांत मिळाल्या आहेत. माणसाने बरोबर न्यावी अशी ती वस्तू होती. अक्षरांनुसार पट्ट्या दहा पेट्यांत पडतात, पेट्या हलवतात, आणि त्या पट्ट्या ‘क्लेरोतेरियोन’ नावाच्या उभ्या दगडी फळीतील खाचांत खोवल्या जातात. प्रत्येक गणाकडे अशा दोन फळ्या, प्रत्येक फळीवर पाच स्तंभ, प्रत्येक स्तंभ एका अक्षराचा. फळीच्या कडेला नळी असते. तिच्यात काळे आणि पांढरे फासे मिसळून ओततात आणि एकेक फासा खाली सोडतात. पांढरा निघाला तर त्या आडव्या ओळीतील पाचही जण त्या दिवसापुरते निवडले जातात, काळा निघाला तर पाचही घरी जातात. गणाकडून १०० न्यायपंच हवे असतील, तर पांढरे फासे २० घालायचे.

अजून त्यांना कोणत्या न्यायालयात बसायचे ते कळलेले नाही. निवडला गेलेला माणूस एका भांड्यातून अक्षर कोरलेले ओकफळ उचलतो, ते अधिकाऱ्याला दाखवतो. अधिकारी त्याची पट्टी त्याच अक्षराच्या पेटीत टाकतो, म्हणजे त्याला दुसरीकडे बसता येऊ नये. मग त्याला रंगीत काठी मिळते आणि त्याच रंगाची चौकट असलेल्या न्यायालयात तो शिरतो. न्यायालये भरल्यावर कोणत्या न्यायालयात कोणता अधिकारी अध्यक्ष असेल, याचीही सोडत निघते. बसलेल्यांतून पाणघड्याळ सांभाळणारा एक आणि मते मोजणारे चार हेही सोडतीनेच निघतात.

इतका खटाटोप एका भीतीपोटी होता. परंपरेप्रमाणे न्यायपंचांना लाच देण्याची सुरुवात पायलोस हे लष्करी ठाणे गमावल्याबद्दल खटला भरलेल्या ॲनिटस या सेनापतीने केली. हाच ॲनिटस पुढे इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसविरुद्धच्या तीन फिर्यादींपैकी एक होता. सकाळी निवडलेल्या, अध्यक्ष कोण हेही आधी माहीत नसलेल्या आणि संध्याकाळपूर्वी निकाल देऊन मोकळ्या होणाऱ्या ५०१ जणांना लाच देणे व्यवहारात अशक्य होते. तेव्हा कोणाला भेटायला जाण्यात वेळ घालवू नये. तो वेळ भाषणाला द्यावा.

१,००० द्राख्मांपर्यंतच्या खासगी दाव्याला २०१ न्यायपंच असतात, त्याहून मोठ्याला ४०१. सार्वजनिक फिर्यादीला सहसा ५०१, आणि महत्त्वाच्या खटल्यांत १,००१ किंवा १,५०१ सुद्धा.

पाण्याचा हिशेब

सर्व खटले एका दिवसात संपतात. सार्वजनिक फिर्यादीला संपूर्ण दिवस मिळतो, तर खासगी दावे एकाच न्यायालयासमोर एका दिवसात अनेक होतात. वेळ मोजायला ‘क्लेप्सिड्रा’ असते. आपल्याकडील घटिकापात्र पाण्यात हळूहळू बुडते. येथे उलट मातीच्या भांड्याच्या तळाशी नळी असते आणि पाणी बाहेर वाहून जाते. अगोराच्या उत्खननात मिळालेल्या भांड्यात २ खूस, म्हणजे सुमारे ६.४ लिटर पाणी मावते आणि ते साधारण ६ मिनिटांत रिकामे होते. ५,००० द्राख्मांहून मोठ्या दाव्यात पहिल्या भाषणाला १० आणि दुसऱ्याला ३ खूस पाणी मिळते, ५,००० पर्यंतच्या दाव्यात ७ आणि २, आणि १,००० पर्यंतच्या दाव्यात ५ आणि २. त्या एका भांड्यावरून हिशेब केला, तर लहान दाव्याचे पहिले भाषण पंधरा मिनिटांचे भरते.

खासगी दाव्यात कायदा किंवा साक्ष वाचली जात असताना पाणी थांबवतात. म्हणून आपल्या वक्तव्यातील जितका भाग साक्षीत घालता येईल तितका घालावा, त्याची वेळ धरली जात नाही. ‘पाणी थांबवा’ हे शब्द भाषणांत जागोजागी आढळतात. ‘हवे तर त्याने माझ्या पाण्यातून बोलावे’ असे आव्हानही वक्ते देत, कारण प्रतिपक्ष ते स्वीकारणार नाही याची त्यांना खात्री असे.

न्यायपंच शांत बसत नाहीत. ते ओरडतात, हसतात, ‘खाली उतर’ असे सांगतात. सॉक्रेटिसला आपल्या बचावात पुन्हा पुन्हा गलका करू नका अशी विनंती करावी लागली. अशा वेळी थांबावे, पण पाणी वाहत आहे हे विसरू नये.

मतदान

भाषणे संपल्यावर दवंडीवाला विचारतो की कोणाला साक्षींवर आक्षेप घ्यायचा आहे का. खोट्या साक्षीचा दावा पुढे लावायचा असेल, तर आत्ताच सांगावे. मतदान सुरू झाल्यावर ती संधी जाते.

न्यायपंच आपसात चर्चा करीत नाहीत. वेगळ्या खोलीत जात नाहीत. प्रत्येकाला काशाच्या दोन चकत्या मिळतात. प्रत्येकीच्या मधोमध आस असतो, एकीचा पोकळ आणि दुसरीचा भरीव. पोकळ आसाची चकती पहिल्या वक्त्याची, म्हणजे फिर्यादीची, आणि भरीव आसाची दुसऱ्याची, असे जाहीर होते. आसाची टोके अंगठा आणि बोट यांत धरली की मत कोणते ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. जी मोजायची ती चकती काशाच्या कुंभात टाकायची आणि उरलेली लाकडी कुंभात. मत टाकणाऱ्याला ३ चा आकडा असलेला बिल्ला मिळतो आणि तो देऊन ३ ओबोल घ्यायचे. मत न देता मानधन मिळण्याची सोय नाही. मोजणीसाठी भोके असलेल्या फळीवर चकत्या लावतात, म्हणजे दोन्ही पक्षांना त्या डोळ्यांनी पाहता येतात. समसमान मते पडली तर आरोपी सुटतो.

काही गुन्ह्यांची शिक्षा कायद्यानेच ठरलेली असते. ती ठरलेली नसेल, तर दुसरे मतदान होते, आणि येथे न्यायपंचांना फक्त दोन पर्याय असतात: फिर्यादीने सुचवलेली शिक्षा किंवा आरोपीने सुचवलेली. मधला मार्ग नाही. म्हणून तुम्ही आरोपी असाल, तर स्वतःला इतकी शिक्षा सुचवावी की न्यायपंचांना ती पुरेशी वाटेल. फिर्यादी असाल, तर इतकी मोठी मागू नये की ते आरोपीकडे झुकतील. सॉक्रेटिसने हा नियम जाणूनबुजून मोडला. ३० मते इकडची तिकडे झाली असती तर आपण सुटलो असतो, असे तो म्हणाला. मग फिर्यादींनी मागितलेल्या मृत्युदंडाच्या उलट त्याने आधी प्रितानेयमध्ये, म्हणजे शहराच्या सरकारी भवनात, सरकारी खर्चाने जेवण, नंतर १ मिना आणि शेवटी प्लेटोसह मित्रांच्या जामिनावर ३० मिना दंड सुचवला. ३० मिना ही रक्कम लहान नव्हती, पण जेवणाचा प्रस्ताव ऐकून घेतलेल्या न्यायपंचांसमोर ती उशिरा आली.

निकालावर अपील नाही. लोकांनीच निकाल दिला असे मानले जाते, आणि लोकांच्या वर कोणी नाही. हरलेल्याला उरतो तो खोट्या साक्षीचा दावा, किंवा एकतर्फी निकाल झाला असल्यास तो उघडून घेण्याचा अर्ज.

वसुली

मृत्युदंड किंवा तुरुंगवास असेल, तर ‘अकरा’ नावाचे अधिकारीमंडळ त्याची अंमलबजावणी करते. खासगी दाव्यात जिंकलेली रक्कम मात्र तुम्हालाच मिळवायची आहे. मुदतीत पैसे आले नाहीत, तर साक्षीदार सोबत घेऊन प्रतिवादीच्या घरी किंवा शेतावर जावे आणि किमतीइतकी मालमत्ता ताब्यात घ्यावी. त्याने अडवले, तर ताबा नाकारल्याचा दावा लावावा. तो हरल्यास त्याला तेवढीच रक्कम राज्यालाही द्यावी लागते, आणि सरकारी देणेकरी झाल्याने त्याचे नागरी हक्क गोठतात. बहुतेक जण या भीतीने पैसे देतात.

सर्वच देत नाहीत. डेमॉस्थेनिस सात वर्षांचा असताना वडील वारले. सुमारे १४ टॅलेंटची इस्टेट तीन पालकांच्या हाती गेली आणि सज्ञान झाल्यावर त्याच्या हाती जेमतेम ७० मिना आले. इ.स.पू. ३६४ च्या सुमारास त्याने पालकांपैकी ॲफोबसवर दावा लावला आणि १० टॅलेंटचा निकाल मिळवला. तो शेताचा ताबा घ्यायला गेला, तेव्हा ॲफोबसचा मेहुणा ओनेटर आडवा आला: हे शेत माझ्या बहिणीच्या हुंड्यापोटी माझ्याकडे तारण आहे, असे त्याचे म्हणणे. बहिणीचा ॲफोबसशी घटस्फोट झाला असून हुंडा परत येणे आहे, असा आधार त्याने दिला होता. डेमॉस्थेनिसच्या मते तो घटस्फोट निव्वळ कागदोपत्री होता. त्याला ओनेटरवर ताबा नाकारल्याचा नवा दावा लावावा लागला. तेव्हा प्रतिवादीच्या शेताच्या सीमेवर तारणाचे दगड रोवलेले आहेत का, हे दावा दाखल करण्यापूर्वीच स्वतः जाऊन पाहून यावे, आणि पाहताना एक साक्षीदार बरोबर असावा.